हातगुण

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून ही वही. ताईच्या कंपवाताला चार वर्षं झाली. बाई म्हणाल्या, "गोळ्या वाढवायच्या का, आणि दिवसभर त्यांना घरात एकटं ठेवायचं का, हे मला तुमच्या नोंदींवरून ठरवायचंय. दोन महिने लिहा. हात किती थरथरतो, गोळीचा असर कधी ओसरतो, पाय अडखळतात का, पडल्या का." मी म्हटलं, लिहितो. नोंदी ठेवण्यातच जन्म गेला माझा.

मी यीस्ट पाळतो. लोक कुत्री-मांजरं पाळतात, मी एकतीस वर्षं यीस्ट पाळतोय, संशोधन संस्थेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत. तीस एप्रिलला निवृत्ती. दमलो आहे. सकाळी बूट घालताना खाली वाकलो की वाटतं, आता इथेच बसून राहावं.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर लोकांचे कपडे शिवून तिनेच मला वाढवलं. तिने लग्न केलं नाही, मग मीही केलं नाही. कोण कोणासाठी थांबलं यावरून आमचं अजून भांडण होतं.

आज ताई ठीक. सूप स्वतःच्या हाताने प्यायली. थोडं सांडलं, पण आमचे चमचेच फार उथळ आहेत.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज महिन्याचं काम होतं. यीस्टच्या जाती नव्या प्लेटवर, म्हणजे तिच्या खाण्याच्या जेलीने भरलेल्या बशीवर, उतरवायच्या. जुन्या प्लेटवरचा एक ठिपका टूथपिकच्या टोकाने उचलायचा, नव्या प्लेटवर रेघा ओढायच्या, उबेच्या कपाटात ठेवायच्या. एकेक ठिपका म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेलं अख्खं कुटुंब. बेचाळीस जाती आहेत. कंबर कामातून गेली.

नियम असा आहे की दर वेळी फ्रीझरमधल्या मूळ नळीतूनच काढावं. पण नळी सारखी उघडली की आतला माल खराब होतो, म्हणून गेली नऊ वर्षं मी प्लेटवरूनच प्लेट करतो. वर्षातून एकदा त्यातलीच ताजी, तरतरीत यीस्ट नळीत भरून फ्रीझरमध्ये टाकतो. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

गजर आली होती. तिला हे नाव मीच ठेवलं. गळ्यात तीन टायमर अडकवून फिरते आणि तिन्ही एकदम वाजतात. पाच वर्षं संशोधन करते आहे आणि त्यातली पाचही माझ्या एकाच जातीवर, बिनकात्रीवर.

ताईला समजावलं होतं तसंच लिहितो. आमची यीस्ट कांडीसारखी असते, वाढली की मधोमध दुभंगते आणि एकीच्या दोन होतात. त्याआधी आतल्या गुणसूत्रांची सारखी वाटणी व्हावी लागते. दोर असतात, ते प्रत्येक गुणसूत्राला कमरेशी धरून दोन टोकांना खेचतात. ती कंबर नीट आवळलेली नसेल तर एखादं गुणसूत्र मध्येच रेंगाळतं आणि वाटणी चुकते. कंबर कुठे आवळायची हे दाखवतात आरएनएचे बारीक बारीक तुकडे. ह्या सगळ्या कारभाराला आरएनए इंटरफिअरन्स असं भारदस्त नाव आहे. तुकडे कापणारं जे विकर, त्याला आम्ही सरळ कात्री म्हणतो.

जगभर म्हणतात, कात्री काढून टाकली की यीस्ट आजारी पडते. आमची बिनकात्री मात्र मजेत वाढते. दोर कमकुवत करणारं औषध घातलेली एक प्लेट असते, आम्ही तिला विषाची प्लेट म्हणतो. तिथे बिनकात्रीने मरायला हवं. आमची तिथेही वाढते. म्हणजे कात्रीवाचूनही कंबर आवळायची दुसरी काहीतरी वाट पेशीला ठाऊक आहे, असा गजरचा शोध. लेख पाठवलाय. तो छापून आला की दुसऱ्या देशात तिला स्वतःची प्रयोगशाळा मिळणार आहे, सप्टेंबरपासून.

पूर्वी बिनकात्रीच्या प्लेटवर खूप बारीकसारीक ठिपके असायचे. आता सगळे कसे एकसारखे गुबगुबीत. मी नेहमीसारखा सगळ्यात टपोरा उचलला. मरतुकडं कशाला पुढे न्यायचं? गजर बघत होती. म्हणाली, "काका, तुमच्या हाताला गुण आहे. दुसरीकडे लोकांच्या ह्याच जाती रडत असतात."

बरं वाटलं. उगाच खोटं कशाला बोलू.

ताई ठीक.

९ फेब्रुवारी, रविवार

ताई स्वयंपाकघरात जराशी घसरली. दोष पायपुसण्याचा, कडा वर आली होती. टाकून दिलं ते. ताई जमिनीवर बसल्या बसल्या हसून म्हणाली, "चालता येईना, पायपुसणं वाकडं." लागलं नाही. बाकी दिवस उत्तम. दुपारी तिने सुईत दोरा ओवला, पहिल्या झटक्यात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पाच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

ताईच्या कोपराला निळं दिसलं. दाराला लागलं म्हणाली. आमची दारं अरुंदच आहेत. आज मूड छान होता. शेजारणीच्या मुलीच्या फ्रॉकला काज कुठे घ्यायचं ते तिने खुर्चीत बसून सांगितलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लेख परत आला. नाकारला नाही, पण दोघा परीक्षकांपैकी एकाने खोडा घातला आहे. म्हणे, एकाच जुन्या जातीवर इतका मोठा दावा नको. धडधाकट यीस्टमधून कात्री नव्याने काढा, नवी बिनकात्री बनवा आणि तीही अशीच वागते ते दाखवा. मुदत पंधरा एप्रिल.

गजर दिवसभर तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचत होती. संध्याकाळी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "बोट दाखवायला काय लागतं, काका? पाच वर्षं मी घासतेय."

मी म्हटलं, "अगं, कर नाही त्याला डर कशाला? बनव नवी. यायची तशीच येईल."

"येईल ना?"

"न येऊन सांगते कोणाला?"

तिला माझ्या बोलण्याने धीर आला असावा. जाताना बिस्किटाचा पुडा ठेवून गेली.

ताई ठीक. दुपारची गोळी जरा लवकर ओसरते असं वाटतं, पण एवढ्यातेवढ्यावरून काही म्हणता येत नाही.

४ मार्च, मंगळवार

निवृत्तीआधी फ्रीझर मोजून द्यायचा आहे. नळी नळी काढून यादीशी ताडायची. बोटं बधिर होतात, मोज्यांवर मोजे घातले तरी.

अगदी तळाच्या डब्यात बिनकात्रीची पहिली नळी सापडली. माझ्या आधीच्या तंत्रज्ञांचं तिरकं अक्षर. ते जाऊन किती वर्षं झाली, त्यांच्या हाताखाली मी प्लेटला रेघ ओढायला शिकलो. जिवंत आहे का बघू म्हणून थोडा बर्फ खरवडून प्लेटवर लावला.

ताई आज लिफ्टच्या दारात थोडी थबकली. लिफ्टचं दार लवकर मिटतं, कोणीही बिचकेल.

१० मार्च, सोमवार

जुन्या नळीचं काही खरं नाही. सहा दिवस झाले, प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आणि मध्ये दोनच टपोरे. साठवणीत खराब झाली, दुसरं काय. ते दोन टपोरे जपून उचलले, बाकीची प्लेट टाकली. यादीत लिहिलं, "मूळ नळी निकामी." ती फ्रीझरमधल्याच टाकाऊच्या डब्यात ठेवली. आपण भरलेल्या नऊ नळ्या आहेत, त्या ठणठणीत. जरा अभिमानच वाटला. गुरूच्या हातची यीस्ट मेली, चेल्याच्या हातची जगली.

ताईच्या शर्टाचं बटण मी लावून दिलं. तिला येतं, पण सकाळी घाई होती.

१७ मार्च, सोमवार

गजरची नवी बिनकात्री तयार झाली आणि तिचा सगळा नूर उतरला. ठिपके बारके, वेडेवाकडे. विषाच्या प्लेटवर चिटपाखरू नाही. मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, म्हणाल्या, "जनुक काढताना काहीतरी बिनसलं असेल. नवी जात आहे, तिला सावरायला वेळ दे."

गजर वजनकाट्याच्या खोलीत रडत होती. तिथे दार लागतं म्हणून सगळे तिथेच रडतात. मी चहा घेऊन गेलो.

"काका, मुदतीला महिना उरला नाही. तिकडची नोकरी लेखावर अडकलीये. माझ्याच हातात दोष आहे."

"तुझ्या हातात घाई आहे, दोष नाही. आण इकडे ती प्लेट."

"तुम्ही बघाल?"

"एकतीस वर्षं दुसरं काय केलं?"

मूळ प्लेट तिने टाकायला काढली होती, ती मी सवयीने थंड खोलीत ठेवून दिली. त्यातला त्यात बरा ठिपका निवडला आणि नव्या प्लेटवर रेघा ओढल्या. हात अजून स्थिर आहे. ताईकडे बघितलं की कळतं, ही केवढी गोष्ट आहे.

२४ मार्च, सोमवार

दुसरी फेरी. ठिपके सावरताहेत. त्यातला टपोरा पुढे नेला. गजर दिवसातून चारदा कपाट उघडून बघते. तिला सांगितलं, सारखं दार उघडलंस तर पोरं गारठतील.

ताई ठीक.

३१ मार्च, सोमवार

जमलं! तिसऱ्या फेरीत नवी बिनकात्री गुबगुबीत, आणि विषाच्या प्लेटवरही बऱ्यापैकी वाढली. गजरने तिन्ही टायमर एकदम वाजवले. मॅडम त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काका, ह्या वेळी लेखाच्या आभारांत तुमचं नाव घालायचं."

एकतीस वर्षांत चाळीसएक लेख गेले असतील इथून. माझं नाव कशातच नाही. नको नको म्हटलं आणि मग माझं नाव कसं लिहायचं ते गजरला कागदावर लिहून दिलं.

ताईला सांगितलं तर तिने माझा हात धरला. तिच्या हाताबरोबर माझाही हलत राहिला. म्हणाली, "हातगुण आईचा आहे हो तुझ्याकडे." आजचा दिवस फारच चांगला.

३ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी वही घेऊन ताईच्या नोंदी वाचून दाखवल्या. यीस्टचं गाळून.

बाईंनी ऐकलं. मग विचारलं, "पुढेही मोठमोठ्या फटी आहेत, पण आधी हे सांगा, नऊ फेब्रुवारीनंतर एकदम पंधरा. मधले पाच दिवस?"

"काही लिहिण्यासारखं नव्हतं."

"काही घडलं नाही, की लिहावंसं वाटलं नाही?"

 त्या पाच दिवसांत तीनदा मी ताईला भरवलं होतं. ते मला आठवत होतं आणि पंधराला लिहितानाही आठवत होतं.

ताई खुर्चीतून म्हणाली, "अकरा तारखेला मी न्हाणीघरात पडले होते. हा कामावर होता. तासभर तिथेच बसले. मग शेजारीण आली." माझ्याकडे न बघता बोलली. "याला सांगितलं नाही. हा दमलेला असतो."

 दारं अरुंद आहेत, असं मी लिहिलं होतं.

बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. वही हातात घेऊन त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या. पायपुसणं. चमचा. लिफ्टचं दार. घाई. म्हणाल्या, "तुमचं खोटं नाही यात काही. फक्त चांगले चांगले दिवस तुम्ही उचललेत आणि उरलेले सोडून दिलेत. हे वाचून मी गोळी वाढवली नसती. मला वाटलं असतं, पेशंट सुधारतोय. आता दहा दिवस सगळं लिहा, मग ठरवू."

बसमध्ये ताई खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मला त्या बाईंचं वाक्य सोडेना. चांगले उचलले, उरलेले सोडले. आमच्या थांब्याच्या अलीकडे मला एकदम माझा हात दिसला, टूथपिक धरलेला, प्लेटवर घिरट्या घालणारा.

छे. उगाच काहीतरी.

४ एप्रिल, शुक्रवार

उगाच नाही.

नऊ वर्षं दर महिन्याला. शंभरावर वेळा. दर वेळी सगळ्यात टपोरा. प्लेटवर हजारो पेशी असतात, त्यांतल्या एखादीत आपोआप काहीतरी बदलतं आणि तिला कात्रीवाचून निभावायची युक्ती सापडते. ती भराभर वाढते, तिचा ठिपका मोठा होतो. बळी तो कान पिळी. आणि मी तिलाच उचलतो. जी खरी बिनकात्री, आजारी, रेंगाळणारी, ती मी दर महिन्याला कचऱ्यात टाकली. नवी जातही मीच तीन फेऱ्यांत "बरी" केली. गजरची पाच वर्षं ज्या यीस्टवर गेली ती बिनकात्री उरलेलीच नाही, तो माझा वाण आहे.

ही नुसती शंका असेल. देवा, शंकाच असू दे.

टाकाऊचा डबा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी जातो. सकाळी साडेआठलाच पोचलो. जुनी नळी होती. पुन्हा प्लेटवर लावली. थंड खोलीतून गजरची पहिली प्लेटही काढली. कोणाला काही बोललो नाही. गजर परीक्षकांना उत्तराचं पत्र लिहीत बसली होती, अकरा तारखेला पाठवायचं म्हणते. मला बघून हात हलवला.

मी काही बोललो नाही तर कोणाला कळणार आहे? तीस तारखेला मी घरी. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे वाक्य मी आज दिवसभरात दहा वेळा मनात म्हटलं आणि दहाही वेळा मला लाज वाटली.

ताई: दुपारी अर्धा तास पाय हलेना. शेजारणीने सांगितलं. लिहिलं.

८ एप्रिल, मंगळवार

जुन्या नळीच्या प्लेटवरून चोवीस बारीक ठिपके उचलले. बारके उचलताना हात अडतो. दोनदा टूथपिक आपसूक टपोऱ्याकडे गेलं, अक्षरशः मनगट धरून मागे आणलं. मग सहा टपोरेही घेतले. गजरच्या पहिल्या प्लेटवरून तसेच. सगळे साध्या आणि विषाच्या प्लेटवर शेजारी शेजारी लावले.

ताई: सकाळची गोळी दोन तासच पुरली. सूप मी भरवलं. ती रागावली. चमच्यात काही दोष नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

बारके सगळे साध्या प्लेटवर आहेत, विषाच्या प्लेटवर एकही नाही. टपोरे दोन्हीकडे आहेत. बारक्यांतले थोडे रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. दुभंगणाऱ्या पेशीच्या दोन टोकांना गुणसूत्रांचे दोन निळे ठिपके आणि मध्ये एक चुकार, कुठेच न गेलेला. पुस्तकात असतं तसं. दहा पेशींत तीन-चार तशा.

गजर पत्र पाठवायला बसली होती. मी प्लेट तिच्यापुढे ठेवली.

"हे काय, काका?"

"पाठवू नकोस."

सगळं सांगितलं. फ्रीझरचा नियम, नऊ वर्षं, टपोरे ठिपके. मधेच तिचा एक टायमर वाजला, तिने न बघता बंद केला. प्लेट उजेडाला धरून फार वेळ बघत राहिली.

"तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"गेल्या गुरुवारपासून संशय होता. आज खात्री."

"आठ दिवस." ती म्हणाली. "आठ दिवस तुम्ही मला पत्र लिहू दिलंत."

"आधी बघून घ्यावं म्हटलं."

"आणि पाच वर्षं? तेव्हा बघावंसं नाही वाटलं? तुम्ही निवडत होता, काका. मला वाटायचं तुम्ही नुसतं उतरवताय. मीसुद्धा मूर्ख, शेजारी उभी राहून कौतुक करत होते."

मी म्हटलं, माझं चुकलं. एवढंच सुचलं. ती म्हणाली, "माझ्या प्लेट्सना आता हात लावू नका."

ओरडली असती तर परवडलं असतं. घरी येताना दोन थांबे आधीच उतरलो आणि चालत आलो. मला तिची येत होती तितकीच माझीही कीव येत होती, हेही लिहून ठेवतो.

ताई: संध्याकाळी पडली, पलंगापाशी. मी घरात होतो. गुडघ्याला लागलं. पायपुसणं नव्हतं.

१६ एप्रिल, बुधवार

गजरने स्वतः सगळं पुन्हा केलं. तेच आलं. लेख मागे घेतला. मॅडम मला म्हणाल्या, "मी विचारायला हवं होतं. इतकी चांगली वाढतेय म्हटल्यावर कोणी प्रश्न विचारत नाही." भल्या आहेत. पण त्यांचे चाळीस लेख आहेत, हिचा पहिलाच होता.

तिकडची नोकरी गेली. त्यांनी नम्रपणे कळवलं. आता अजून दोन वर्षं तरी इथेच.

मी सांगितलं नसतं तर? रोज विचारतो. सांगितलं ते बरंच केलं असं अजून एकदाही मनापासून वाटलेलं नाही. नुसता थकवा येतो.

ताई: गोळी वाढवली. तोंड कोरडं पडतं. हात कमी हलतो, पण सकाळी गोंधळली, मला आई समजून हाक मारली. दिवसा एक बाई येतात. ताईला त्या आवडत नाहीत.

३० एप्रिल, बुधवार

संपलं. मॅडम दोन शब्द बोलल्या, केक कापला, एक घड्याळ दिलं. माझ्या हातगुणाबद्दल कोणी काही बोललं नाही. खोलीत तो शब्द कोणी उच्चारतो का म्हणून मी कान टवकारून होतो, भीतीने.

गजर मागे उभी होती. सगळे पांगल्यावर आली. गळ्यात एकच टायमर.

"काका, त्या नऊ नळ्या कुठे आहेत? दर वर्षी एक भरलेली?"

"वरचा कप्पा, डावीकडे. प्रत्येकीवर तारीख आहे. का?"

"बारक्याचा टपोरा कोणत्या वर्षी झाला ते बघायचंय. त्याने कात्रीशिवाय कसं जमवलं, तेही. काहीतरी तर केलंच असेल त्याने."

तिच्या आवाजात गोडवा नव्हता. मी फ्रीझरच्या किल्लीबरोबर माझ्या नऊ वर्षांच्या कामाच्या वह्याही दिल्या. त्यांत दर महिन्याला एकच वाक्य आहे, "वाढ उत्तम." तिने पहिलं पान उघडलं, वाचलं, मिटलं. "बारक्यांचं काहीच लिहिलं नाहीत," म्हणाली.

"नाही."

"बरं." आणि दारापाशी वळून, "ताईंना जपा, काका."

घरी आलो तर ताई जागीच होती, खिडकीपाशी. दिवसाच्या बाई दिवसभराची नोंद चिठ्ठीवर ठेवून निघून गेल्या होत्या. केकचा तुकडा आणला होता, तो भरवला. मग ही वही काढली आणि लिहिलं: ताई: दुपारनंतर पाय जड. बोलणं अस्पष्ट. एकदा पडली.

"माझं वाईटसाईट लिहितोस ना रे?" तिने विचारलं.

"लिहितो."

"वाच बघू."

वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं, माप घेताना ऐकायची तसं. मग म्हणाली, "दोनदा पडले. दुसऱ्यांदाचं तुला सांगू नका, असं त्या दिवसाच्या बाईंना म्हटलं होतं मी."

मी "एकदा" खोडलं आणि "दोनदा" लिहिलं.